दिरांची गाडी घ्यावी का?

पत्र थोडक्यात : देवगड तालुक्यातल्या एका गावातून एक वाचक लिहितात. घरची हापूसची कलमं आहेत, यजमान बाग बघतात. मुलगा वीस वर्षांचा, पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला, कोथरूडला मित्रांसोबत फ्लॅट भाड्यानं घेऊन राहतो. गेल्या पावसात बाइक घसरून त्याचा हात मोडला, तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागलाय. यंदा आंब्याचे पैसे बरे झाले, म्हणून तीन लाखांपर्यंत एखादी जुनी कार घेऊन द्यावी असं घरात चाललंय. डोंबिवलीचे चुलत दीर आपली २०१४ ची डिझेल सेडान पावणेतीन लाखांना द्यायला तयार आहेत. "बेचाळीस हजारच फिरलीय, घरातली गाडी घरातच राहील, नावावर काय, सवडीनं करू," असं त्यांचं म्हणणं. मुलाला मात्र पुण्यातल्या एका डीलरकडची छोटी पेट्रोल गाडी आवडलीय. यजमान म्हणतात, अनोळखी माणसापेक्षा आपला माणूस बरा, आणि छोट्या गाडीला घाट झेपायचा नाही. वाचकांचे प्रश्न दोन : यातली भरवशाची गाडी कोणती? आणि दिरांना नाही म्हटलं, तर गणपतीत त्यांच्यासमोर कसं बसायचं?

ताई,

तुमच्या तीन पानी पत्रात गाडीबद्दल जेमतेम पाऊण पान आहे, बाकी सगळे दीर आणि गणपती. टोमणा मारत नाही, पण क्रम जरा बदलू या. आधी मुलाला गाडी लागते कशासाठी ते बघू, मग गाडी, आणि दीर सगळ्यात शेवटी. गाडीचं नीट ठरलं की त्यांच्याशी काय बोलायचं तेही बरंचसं ठरून जाईल.

बाइक घसरली म्हणून कार, हा आईचा हिशोब आहे आणि मला तो कळतो. पण कार आल्यावर बाइक जाणार आहे का? मला नाही वाटत. कोथरूडहून कॉलेजला सकाळी आठला निघायचं, तर कार काढून, सिग्नलला थांबून, पुन्हा कॉलेजजवळ जागा शोधून तो उशिराच पोचणार. विद्यार्थ्यांच्या कारना कॉलेजच्या आवारात जागा मिळेलच असंही नाही. मग आठवड्यातले पाच दिवस कार खाली उभी आणि पोरगं त्याच बाइकवर, त्याच झिजलेल्या टायरवर. म्हणून कार घ्या अथवा घेऊ नका, बाइकचे दोन्ही टायर आणि ब्रेकशू आधी बघून घ्यायला सांगा. पावसात घसरण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

मुलाला आणखी एक काम सांगा. गेल्या दोन आठवड्यांत तो कुठे कुठे गेला, किती वाजता, कशानं, हे कागदावर लिहून तुम्हाला पाठव म्हणावं. वनाज ते रामवाडी मेट्रो त्याच्या बाजूनंच जाते. आनंदनगर, नळ स्टॉप, गरवारे कॉलेज, डेक्कन ही सगळी स्टेशनं त्या मार्गावर आहेत. त्याच्या यादीतल्या निम्म्या फेऱ्या मेट्रोत बसल्या, तर तुमचा घोर तीन लाख न घालवताच निम्म्यावर येईल. उरलेल्या फेऱ्यांत मात्र खरी गरज असू शकते. आर्किटेक्चरच्या पोरांना सनबोर्डचं मॉडेल घेऊन भर पावसात सबमिशनला जावं लागतं, ते बाइकवर नेता येत नाही. साइट बघायला शहराबाहेर जावं लागतं, रात्री उशिरा मित्राकडून नकाशांच्या मोठ्या प्रिंट काढून परतावं लागतं. अशा फेऱ्या महिन्यातून तीन-चार असतील तर रिक्षा आणि कॅब स्वस्त पडतील. बारा-पंधरा असतील तर कारचा विचार रास्त आहे.

आता महिन्याचं गणित, कारण गाडीची किंमत एकदाच द्यायची असते, पण गाडी दर महिन्याला मागत राहते. महिन्याला पाचशे किलोमीटर धरू. पेट्रोल गाडी लिटरला अठरा देत असेल तर एकशे चार रुपये भावानं साधारण २,९०० रुपये. विमा, सर्व्हिसिंग, टायर-बॅटरीची तजवीज मिळून महिन्याकाठी दोन-अडीच हजार बाजूला काढावे लागतात. पार्किंग विकत घ्यावं लागलं तर हजार-दीड हजार वर. म्हणजे सहा-सात हजार. हे तुम्ही पाठवणार की त्याच्या खर्चाच्या पैशातून जाणार, ते आत्ताच बोलून घ्या. नाहीतर सर्व्हिसिंग पुढे ढकललं जातं, ऑइल काळं ठिक्कर होतं, आणि चांगली घेतलेली गाडी दोन वर्षांत खटारा होते.

पार्किंगचं तर सगळ्यात आधी विचारा. पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत जागा फ्लॅटमालकाच्या नावावर असते आणि त्यात मालकाची स्वतःची गाडी उभी असते, भाडेकरूला काही मिळत नाही. रस्त्यावर लावली की आरसे जातात आणि उंदीर येतात. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब मिळते, वायरिंगचं आवरण कुरतडायला मिळतं. लोक इंजिनाशेजारी तंबाखूच्या पुड्या ठेवतात. त्यानं उंदीर पळालेला मी तरी बघितला नाही. फ्लॅटमालकाकडून आणि सोसायटीकडून जागेचं लेखी घ्या. तोंडी "लाव की" म्हणणारा सेक्रेटरी पुढच्या निवडणुकीत बदलतो.

इतकं करूनही गाडी हवीच असं ठरलं, तर पुढे वाचा.

यजमानांच्या घाटाच्या शंकेपासून सुरू करते. हजार सीसीची पेट्रोल गाडी चार माणसं घेऊन फोंडा घाट चढते, गगनबावड्याचाही चढते. खड्या वळणावर दुसरा गिअर, गरज पडली तर एसी बंद, एवढंच. घाटात बंद पडतात त्या गाड्या झिजलेल्या क्लचप्लेटच्या किंवा कूलंट संपत आलेल्या असतात. छोट्या असतात म्हणून नव्हे, सांभाळलेल्या नसतात म्हणून. धोका खरा उतरताना असतो. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे यजमानांनी मुलाला शेजारी बसून शिकवावं. माझी खरी भीती वेगळी आहे. पुणे ते देवगड साडेतीनशे किलोमीटरच्या वर अंतर. सबमिशन संपलं की ही पोरं दोन रात्री जागलेली असतात आणि त्याच संध्याकाळी "निघतो गो आई" म्हणून फोन येतो. त्या दिवशी त्यानं एसटीनं किंवा रातराणीनं यावं आणि गाडी पुण्यातच राहावी, ही अट किल्ली देण्याआधी घाला.

दुसरं डिझेलचं. त्याच पाचशे किलोमीटरला डिझेल गाडीनं लिटरला बावीस दिले, डिझेल एक्याण्णव धरलं, तर साधारण २,१०० रुपये. म्हणजे वाचले आठशे, वर्षाचे साडेनऊ-दहा हजार. दहा वर्षांच्या पुढच्या डिझेल गाडीत एखादा इंजेक्टर गेला किंवा टर्बोनं ऑइल टाकायला सुरुवात केली, तर ही बचत एका बिलात जाते, वर आणखी घालावे लागतात. डिझेल त्याला परवडतं ज्याची गाडी रोज लांब पळते. कुडाळ-मालवणात पर्यटक फिरवणाऱ्याला परवडतं. कोथरूड-डेक्कन करणाऱ्याला नाही. दिरांची गाडी उत्तम असली तरी तुमच्या मुलाच्या कामाची ती नाही, असं माझं मत आहे. तिच्यावर "दहा वर्षं झाली, आता चालवता येणार नाही" असं कुणी म्हटलं तर मात्र विश्वास ठेवू नका. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल ही भानगड दिल्ली परिसराची. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१४ च्या गाडीची २०२९ ला संपेल, मग तपासणी करून आणि हरितकर भरून पाच वर्षांसाठी वाढवता येते.

मग कोणती बघायची? वॅगन आर, सेलेरिओ, स्विफ्ट पेट्रोल, ग्रँड आय टेन पेट्रोल, या गाड्यांत काही जादू नाही. त्यांचे पार्ट कोथरूडलाही मिळतात आणि कणकवलीलाही, आणि हात लावायला कुठलाही मेकॅनिक घाबरत नाही, एवढ्यासाठी त्या बऱ्या. ज्या कंपन्यांनी इथला धंदा आवरला त्यांच्या गाड्या त्याच पैशात मोठ्या आणि दणकट मिळतात. शेव्हरोले २०१७ अखेर गेली, फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. हौशी माणसानं त्या जरूर घ्याव्यात. विद्यार्थ्याला एका बंपरसाठी आठ दिवस ताटकळायला लावू नये.

आणि तुमची काळजी अपघाताची आहे ना, मग कंपनीच्या नावाआधी एअरबॅग आणि एबीएस, म्हणजे करकचून ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा, विचारा. सगळ्या नव्या कारना एबीएस बंधनकारक झालं १ एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या गाड्यांची स्वस्त व्हेरियंट बहुधा या दोन्हीशिवाय यायची. तुमच्या पैशात २०१९ नंतरची चांगली गाडी मिळणं अवघड आहे. म्हणून २०१५-१६ ची, पण वरच्या व्हेरियंटची, दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली शोधा. टचस्क्रीन आणि अलॉय व्हीलच्या नादी मुलाला लागू देऊ नका. तो लागणारच, तुम्ही लागू नका.

आता "आपला माणूस". दीर प्रामाणिक आहेत हे मी धरूनच चालते. पण प्रामाणिक माणसालाही स्वतःच्या गाडीच्या पोटातलं माहीत असतंच असं नाही. बेचाळीस हजार किलोमीटर हा आकडा त्यांना कौतुकाचा वाटतो. मी त्याकडे जरा वेगळं बघते. अकरा-बारा वर्षांत एवढीच फिरली म्हणजे ती जास्त काळ उभी होती, आणि फिरली ती डोंबिवलीच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. उभ्या गाडीचं रबर कडक होतं, सील गळू लागतात, ब्रेक ऑइल पाणी शोषतं. कूलंट आणि ब्रेक ऑइल किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदलायचं असतं. ते कधी बदललं, हे सर्व्हिस बुकात लिहिलेलं हवं. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीचा नंबर दिला आणि मालक सोबत असला की जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी निघतात. प्रत्येक नोंदीत किलोमीटर असतात, त्यामुळे मीटर मागे घेतला असेल तर तिथेच कळतं. दिरांच्या बाबतीत ती शंका नाही, डीलरच्या गाडीबाबत मात्र हे करायचंच.

टायरही बोलतात. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. डीलर म्हणतो २०१६ ची गाडी तीसच हजार फिरलीय, आणि चारही टायर २०१९ चे निघाले, तर विचारा की पहिले टायर तीन वर्षांत कुठे गेले.

पुराचं पाणी बघायला शिका. हे तुमच्यासाठी आणि हे सदर वाचणाऱ्या किनाऱ्यावरच्या सगळ्यांसाठी. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीनं बदलापूर-कल्याण पट्ट्यात हाहाकार केला, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्याच आठवड्यात महाडही, आणि २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं. त्या पाण्यात गेलेल्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, वाळवून, सीटकव्हर बदलून त्या दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. ओळखायच्या कशा? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारा माणूस पट्ट्याचा वरचा भाग धुतो, रिळात गुंडाळलेला शेवटचा हातभर राहून जातो, त्यावर मातकट रेघ दिसते. मागची स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा, कार्पेटचं टोक वर करून पत्र्याला हात लावा, हेडलाइटच्या काचेच्या आतून बघा. आपल्याकडच्या गाड्यांत तांबडी माती सगळीकडेच असते, जांभ्याच्या रस्त्यांवर तिला इलाज नाही. तिला बघून गाडी पुरातली समजू नका. तांबडी धूळ कोरडी असते आणि जिथे वारा पोचतो तिथेच बसते. पुराचा गाळ बारीक, चिकट, करडा असतो आणि वारा न पोचणाऱ्या जागी सापडतो, म्हणजे सीटच्या रुळाच्या आत, वायरिंगच्या जोडांत, डॅशबोर्डच्या मागे.

जवळपासचीच गाडी घेणार असाल, रत्नागिरी, वेंगुर्ला, मालवणकडची, तर गंज हा पहिला शत्रू. खारा वारा पत्रा खालून खातो. त्यात किनाऱ्यावर वाळूत गाड्या घालायची हल्ली जी हौस आलीय, त्या गाड्यांच्या बुडाला थेट समुद्राचं पाणी लागलेलं असतं. आमच्या ओळखीचा कणकवलीचा मेकॅनिक गिऱ्हाइकाला एकच सांगतो, "रंग काय बघतास? खालसून बघा." गाडी रॅम्पवर चढवायला लावा. जॅक लावायची जागा, दाराखालचा पत्रा, सायलेन्सरचे जोड, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं ती जागा, तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. निरोगी पत्रा खणखणतो, खाल्लेला भद्द वाजतो. बुडाला नुकताच काळा कुळकुळीत कोट मारलेला दिसला तर खूश होऊ नका. विकायच्या आदल्या आठवड्यात कोट मारायचं कारण काय, ते विचारा.

इंजिन बघायचं ते सकाळी, थंड असताना. तुम्ही पोचायच्या आधीच मालकानं गाडी "जरा गरम करून ठेवली" असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, पण दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जा. थंड इंजिन पहिल्या फटक्यात लागलं पाहिजे. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. ऑइल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूला दुधाळ फेस दिसला, तर बोलणी तिथेच थांबवा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, चाकाकडून टकटक आली तर ॲक्सल गेलंय. बॉनेट आणि पुढच्या मडगार्डचे बोल्ट बघा. कंपनीत रंगवलेल्या बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी खोललेत. निदान अर्धा तास, एसी लावून, चढ असलेल्या रस्त्यानं चालवा. सोबत आपला मेकॅनिक हवा, डीलरनं सुचवलेला नको. हजार-दोन हजार घेईल, घेऊ दे.

कागदांत मला सगळ्यात आवडतो तो विम्याचा कागद, कारण तो खोटं बोलत नाही. दावा न केलेल्या वर्षांचा बोनस त्यावर टक्क्यांत छापलेला असतो : पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. "गाडीला कधी ओरखडासुद्धा नाही" म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर मागच्या वर्षी बहुधा काहीतरी झालंय. मोठा खर्च की नुसता बंपर, ते विचारून घ्या. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही, म्हणून नव्या विम्याचा खर्च हिशोबात धरा. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, ते दिसतं. वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर थकलेला दंड दिसतो. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लावून घेतलीय का, तेही बघा. डोंबिवलीची किंवा पुण्याची गाडी देवगडच्या पत्त्यावर केली तरी राज्य तेच, त्यामुळे नंबर बदलत नाही.

डीलरच्या गाडीला "सर्टिफाइड" म्हणतात त्याचा अर्थ विकणाऱ्यानंच तपासलीय. वाईट नाही, पण पुरेसं नाही. हापूसची पेटी तुम्ही वरचा थर बघून घेत नाही ना? वॉरंटीचा कागद मागा आणि त्यात क्लच, सस्पेन्शन, एसी आहे का ते वाचा, बहुतेकदा नुसतं इंजिन-गिअरबॉक्स असतं. भाव करताना एक ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्याआधीच्या भावाशी तुलना करून जुन्या गाडीचा आकडा सांगणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही. दिरांनासुद्धा. आणि तीन लाखांतले अडीचच गाडीला लावा. विमा, चार टायर, बॅटरी, पहिलं पूर्ण सर्व्हिसिंग यात उरलेले सहज संपतात.

आता दीर. त्यांना "तुमची गाडी नको" असं म्हणायचं कारणच नाही. "पोराचं रनिंग कमी आहे, डिझेल परवडत नाही, पेट्रोलच बघतोय," हे खरं आहे आणि त्यात त्यांच्या गाडीला कुणी नाव ठेवत नाही. हे तुम्ही बोलू नका, यजमानांनाही बोलायला लावू नका. मुलानं स्वतः फोन करावा, "काका, तुम्हाला गाड्यांतलं कळतं, पेट्रोल गाडी बघायला पुण्याला येता का?" म्हणून विचारावं. माणसाला नकारापेक्षा आपल्याला कुणी विचारलं नाही याचा राग जास्त येतो.

आणि यजमानांच्या आग्रहानं त्यांचीच गाडी घ्यायची ठरली, तर एका गोष्टीवर अजिबात नमतं घेऊ नका : "सवडीनं नावावर करू" चालणार नाही. हे त्यांच्याच भल्यासाठी आहे असं सांगा, कारण ते तसंच आहे. आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक. विकलेली पण नावावर राहिलेली गाडी अपघातात सापडली तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. उद्या पुण्यात काही झालं तर नोटीस डोंबिवलीला जाईल. आणि विमा त्यांच्या नावावर राहिला, तर गाडीच्या नुकसानीचा तुमचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं आरटीओला १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं, विमा बदलायचा अर्जही १४ दिवसांत. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही ज्या दिवशी पैसे, त्याच दिवशी. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात हे काम काढू नका. दिरांना गावी यायची घाई, मेकॅनिकला वेळ नाही, आणि "येतानाच घेऊन येतो" म्हणून गाडी कागदाविना दारात उभी राहते.

गाडी कुणाच्या नावावर, हे तुम्ही विचारलं नव्हतं, तरी सांगते. मुलगा शिकतोय तोवर यजमानांच्या नावावर ठेवा. मालकाचा वैयक्तिक अपघात विमा ज्याच्या नावावर आरसी त्यालाच मिळतो, चालवणाऱ्याला नाही. म्हणून मुलाला संरक्षण हवं असेल तर ते वेगळं जोडून घ्या. पॉलिसी करतानाच सांगायचं, थोडेच पैसे जास्त पडतात.

किल्ली हातात घ्याल तेव्हा साध्या कागदावर गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या, गाडी दिरांची असो वा डीलरची. वेळ लिहायला लोक विसरतात. सकाळी अकराला गाडी घेतली आणि कॅमेऱ्यानं सकाळी नऊला सिग्नल मोडल्याचा फोटो काढलेला असला, तर तो दंड कुणाचा हे त्या कागदावरून ठरतं. काचेवरचा जुना फास्टॅगही तिथेच काढायला लावा. नाहीतर पुण्याहून कोल्हापूरपर्यंतच्या प्रत्येक टोलचा मेसेज डोंबिवलीला जाईल.